अण्णांची लातूर गाडी दिवाणावरून सुटते

किस्से सांगायला आमच्या घरात खास बसावं लागत नाही. दिवाणाखाली लाकडाचा भुसा साठतो तसे ते साठतात. झाडू मारला की दोन-चार निघतातच!

अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेड–लातूर बसचे ड्रायव्हर. डोळ्यांनी दगा दिला आणि स्टिअरिंग सुटलं. मग मोबाईलवर त्यांना स्लॉट कार दिसली. लाकडी ट्रॅकला शेजारी-शेजारी दोन खाचा, एकेका खाचेत खेळण्यातली एकेक गाडी. हातातला खटका दाबला की पळते, सोडला की थांबते. "आपुन घरीच करू!" म्हणाले, आणि बैठकीतल्या दिवाणावर प्लायवूड आडवं पडलं.

* * *

"सोने, राउटर आण बरं!"

मी धावत जाऊन वाय-फायचा राउटर वायरीसकट उपटून आणला. वर दादाची ऑनलाइन मीटिंग चालू होती, हे त्याच्या ओरडण्यावरून कळलं.

अण्णांनी डबडं उलटंपालटं करून पाहिलं. "ह्याला दात कुठं हायत?"

* * *

खाच पाडायचा खरा राउटर सुताराकडून आला. बटण दाबलं आणि बैठकीत विमानच उतरलं! मी किंचाळले. माझ्या किंचाळण्यानं अण्णा दचकले आणि सरळ चाललेली खाच वाकडी झाली.

मला रडूच आलं. अख्खं प्लायवूड वाया!

अण्णांनी वाकड्या खाचेवरून बोट फिरवलं. "रडून काहून राहिली? हितं चाकूर येतंय. चाकूरला स्टँडात वळावंच लागतं."

तेव्हापासून त्या ट्रॅकचं नाव नांदेड–लातूर!

* * *

पहिल्याच ट्रायलला गाडी वळणावर उडाली ती थेट स्वयंपाकघरात. आईनं ज्वारीच्या पिठातून ती उंदरासारखी चिमटीत धरून काढली.

"लातूर गाडी परातीत लागलीय हो! ड्रायव्हरनं यावं!"

आम्ही हसलो. आई नाही हसली. "पाहुण्याला बसायला जागा न्हाई राहिली. रविवारी माझ्यासंग शर्यत लावा. मी जिंकले तर हे समदं भंगारात."

अण्णा "हाव" म्हणाले. मला जेवण गेलं नाही.

* * *

शेजारच्या शोभाकाकू ट्रॅक बघायला आल्या. "स्टिअरिंग कुठंय?"

"नसतं काकू. खाच नेईल तिकडं गाडी जाते."

"अगं माय! मग अण्णा ड्रायव्हर कसले? पॅसेंजरच की!"

अण्णांचा चेहराच उतरला. मी घाबरून "बिस्कीट घ्या ना" म्हणत काकूंपुढं रिकामी बशी धरली.

अण्णांनी खटका दाबून सोडला आणि म्हणाले, "थांबायचं कुठं, ते तर माझ्याच हातात हाय ना, वहिनी?"

* * *

रविवार. एका खाचेत आई, दुसरीत अण्णा. शिट्टी मी वाजवली आणि मीच दचकले!

आईची गाडी दोनदा उडाली. अण्णा पुढं, लई पुढं! शेवटचा फेरा, लातूर वीतभर राहिलं, मी उड्या मारायला लागले आणि... त्या वाकड्या खाचेत अण्णांची गाडी थांबली.

"अण्णा, दाबा ना! लाइट गेली का?"

"चाकूर आलं," अण्णा म्हणाले. "उतरणारे हायत."

मागून आईची गाडी घरघरत आली. तिच्यापुढं रस्ता मोकळा. मी डोळे घट्ट मिटले.

घरघर थांबली.

डोळे उघडले तर आईची गाडी अण्णांच्या गाडीला खेटून उभी. आईचं बोट खटक्यावर नव्हतंच.

"मी दाबू का?" मी अण्णांना हळूच विचारलं.

"गप," आई म्हणाली. "म्हातारी उतरून राहिली अजून."