केबल काढलेली होती

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. कारण साधं आहे. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर फिरकी घेत आलोय. माझा व्यवसायच असा की प्रत्येक बिघाडाला कारण असतं, ते कॉम्प्युटरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदींत, सापडतं, आणि सापडलं नाही तर आपण नीट शोधलेलं नसतं. भूत, आत्मा, संकेत वगैरे मी आजही मानत नाही. मंजिरीला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारा. फक्त एका दुपारचा हिशोब माझ्याच्याने लागलेला नाही, तो इथे मांडतोय.

जानेवारी २००५. आम्ही तेव्हा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहायचो. मी, मंजिरी आणि तीन वर्षांची ऋचा. खाली गॅरेज, गॅरेजच्या बरोबर वर ऋचाची खोली. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात गॅसवर चालणारा वॉटर हीटर, त्याच्या शेजारी वॉशर-ड्रायर, आणि वॉशरच्या वर मी स्वतः ठोकून बसवलेली एक फळी. त्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर होता. तो माझा सर्व्हर.

हा सर्व्हर कशाला? तर मराठी शाळेसाठी. अमेरिकेत वेगवेगळ्या गावांत राहणाऱ्या सात-आठ घरांतल्या पोरांना रविवारी मराठी शिकवायची, अशी आमची हौशी खटपट होती. शिकवायला होत्या दामले काकू. साताऱ्याला प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता टेक्सासमध्ये फ्रिस्कोला मुलाकडे राहणाऱ्या. मी एक वेबपेज बनवलं होतं. ते उघडलं की ब्राउझरमधला छोटा प्रोग्राम माझ्या गॅरेजमधल्या सर्व्हरला जोडला जायचा आणि ती जोडणी वर्ग संपेपर्यंत चालू राहायची. काकूंनी त्यांच्याकडे टाइप केलेली ओळ त्याच क्षणी सगळ्या पोरांना दिसायची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. पोरं उत्तर बहुतेक इंग्रजीतच द्यायची, काकू त्यांना पुन्हा मराठीत लिहायला लावायच्या. काकूंना मी प्रत्यक्ष कधीच भेटलो नव्हतो. ओळख फोनवरची.

त्या शनिवारी दुपारी साडेबाराला काकूंचा फोन आला.

"अरे श्रीरंग, ते पान उघडतंय, पण खाली नुसतं 'कनेक्टिंग' म्हणतंय. मग लाल अक्षरं येतात. उद्या वर्ग आहे ना?"

मंजिरी ऑफिसला गेली होती, तिच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. ऋचाला नुकतंच झोपवलं होतं. बाहेर पाऊस होता, चांगलाच गारठा, म्हणून गॅरेजचं मोठं दार बंद. आतून घरात जाणारं दारही मी लोटून घेतलं, कारण बोलण्याच्या आवाजाने ऋचा उठली असती. कॉर्डलेस फोन खांद्यात धरला, घडीची खुर्ची मांडली आणि कामाला लागलो.

सर्व्हर चालू होता. माझ्या लॅपटॉपवरून जोडणी होत होती, काकूंकडून होत नव्हती. म्हणजे अडचण मधे कुठेतरी. काकू अतिशय शिस्तीच्या. मी सांगेन ते करायच्या आणि स्क्रीनवर जे येईल ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवायच्या. शिवाय सगळं वहीत लिहून ठेवायच्या, वेळेसकट. कॉम्प्युटर त्या अशाच शिकल्या होत्या. मुलाला परत परत विचारायला नको म्हणून.

"आता काय करू?" "आता ब्राउझर बंद करून परत उघडा, काकू." "उघडला." "काय म्हणतो?" "कनेक्टिंग... लाल."

असा अर्धा तास गेला असेल. माझं डोकं दुखायला लागलं होतं. वाटलं, आदल्या रात्री झोप कमी झाली म्हणून. मग एकच कमांड मी तीनदा टाइप केली, हे चौथ्यांदा टाइप करताना लक्षात आलं. नेटवर्कची केबलच सैल असेल म्हणून सर्व्हरमागची केबल काढली, दुसरी शोधायला खोका उघडला... आणि काय शोधतोय तेच आठवेना. खोक्यात हात घालून तसाच बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "हां, लागलं बघ."

"लागलं?"

"हो. हिरवं झालंय. कोणीतरी आलंय सुद्धा."

मी सर्व्हरच्या स्क्रीनकडे बघितलं. जोडलेले क्लायंट : शून्य. म्हणजे कोणीच जोडलेलं नव्हतं. "काकू, वर पत्ता काय दिसतोय तो वाचा." त्यांनी वाचला. अगदी बरोबर होता.

"कोण आलंय? नाव काय आहे?"

"नावाच्या जागी काही नाहीये. नुसतं लिहिलंय, दार उघड."

आमच्या एखाद्या पोराचा खेळ असणार, असं मला वाटलं. म्हटलं, "विचारा, कोण आहे." काकूंच्या बोटांचा टक-टक आवाज ऐकू आला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत तेच. दार उघड."

"परत विचारा कोण आहे ते."

"विचारते... अरे, परत तेच येतंय."

मला वैताग आला होता, आणि खरं सांगायचं तर झोप येत होती. विलक्षण गोड झोप. पाच मिनिटं वॉशरवर डोकं टेकावं आणि मग बघावं, असं वाटत होतं. मी काकूंना तसं म्हणालोही बहुतेक. माझा आवाज त्यांना कसा लागला कोण जाणे, पण त्यांचा स्वर एकदम बदलला. वर्गात बोलत असतील तसा.

"श्रीरंग, तू कुठे बसलायस?"

"गॅरेजमध्ये."

"दार बंद आहे?"

"हो."

"मग आधी ते उघड. कोण ते मागाहून बघू. ऊठ."

मी उठलो. का, ते सांगता येणार नाही. शाळेत बाईंनी 'ऊठ' म्हटलं की माणूस उठतो, तसा उठलो. भिंतीवरचं बटण दाबलं. दार वर जाताना बघितल्याचं आठवतं, आणि खालून येणारी गार हवा. दोन पावलं चालून मी ड्राइव्हवेवर पावसात बसलो आणि उलटी झाली. फोन आत पडला होता.

एक-दोन मिनिटांत डोकं किंचित चालायला लागलं. वळून आत बघितलं. वॉटर हीटरच्या डोक्यावरून छताकडे जाणारा धुराचा पाइप सांध्यातून सरकून बाजूला झाला होता. आठवड्यापूर्वी ती फळी ठोकताना माझाच धक्का त्याला लागला होता. लागला तेव्हा मी बघितलंही होतं, आणि नंतर नीट करू म्हणून सोडून दिलं होतं.

आणि त्या छताच्या वर ऋचा झोपली होती.

पुढचं दार आतून बंद होतं. श्वास रोखून परत गॅरेजमधूनच गेलो. जिना हातापायांवर चढलो. ऋचाला हाक मारली तर ती जागी होईना. गाल थोपटले, तर जरा डोळे उघडून परत मिटले. तिला उचलून, पुढच्या दाराची कडी काढून बाहेर कसा आलो, ते सलग आठवत नाही. समोरच्या घरातले आजोबा कचऱ्याचा डबा आत घ्यायला आले होते, त्यांनी आम्हाला पाहून ९११ला फोन लावला.

फायर डिपार्टमेंटचा माणूस विषारी वायू मोजायचा मीटर घेऊन आत गेला, बाहेर आला आणि मला म्हणाला, "वरची ती खोली मुलीची का?" मी हो म्हटलं. त्याने मीटरवरचा आकडा कागदावर लिहिला. तो प्रश्न मला अजून आठवतो. हॉस्पिटलमध्ये आम्हा दोघांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ऋचाने मास्क काढून "आय वॉण्ट ज्यूस" म्हटलं, तेव्हा मंजिरी तिथेच खुर्चीत बसून रडली. मी तिला पाइपबद्दल त्याच वेळी सांगून टाकलं. नंतर सांगायची हिंमत झाली नसती.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरचा लॉग काढला. नेटवर्क तुटल्याची नोंद दुपारी एक वाजून चार मिनिटांची. केबल वॉशरवर तशीच पडलेली, मी ठेवली होती तशी. परत जोडल्याची नोंद नाही. त्या दिवशी काकूंची एकही जोडणी सर्व्हरपर्यंत पोचलेली नाही.

मी काकूंना फोन केला. बिचाऱ्या काळजीत होत्या. फोन पडल्याचा आवाज ऐकून त्यांनी मुलाला उठवलं होतं, पण माझा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. मी झालेलं सगळं सांगितलं आणि वहीतलं वाचायची विनंती केली.

त्यांनी शांतपणे वाचलं. तीन-वीस : हिरवे झाले. दार उघड. विचारले, कोण. दार उघड. विचारले, कोण. दार उघड. त्यांच्याकडचे तीन-वीस म्हणजे आमच्याकडचे एक-वीस. केबल काढून सोळा मिनिटं झाली होती.

मग काकूंनी पान उलटलं. म्हणाल्या, "तुझा फोन पडल्यावर आणखी एक ओळ आली होती. 'वर ती झोपली आहे.' मला काही बोध झाला नाही, पण लिहून ठेवली. तीच का रे, तुझी मुलगी?"

मी शक्य ते सगळं तपासलं. जुन्या वर्गातल्या ओळी ब्राउझरने साठवून दाखवल्या म्हणावं, तर माझा प्रोग्राम काहीच साठवत नव्हता. सगळे धडे मी चाळून बघितले, त्यात 'पुस्तक उघडा' आहे, दार कुठेही नाही. चुकून दुसऱ्याच्या सर्व्हरला लागलं म्हणावं, तर त्या प्रोग्रामशी बोलण्याची पद्धत मी घरी बसून बनवलेली, ती जगात आणखी कोणाकडे असणार? विषारी वायूने मला भास झाले, हे पटण्यासारखं आहे. पण वही टेक्सासमध्ये होती आणि काकू व्यवस्थित शुद्धीवर होत्या. मंजिरी म्हणते, ऋचा वर झोपलीय हे तूच बोलण्याच्या ओघात सांगितलं असशील, आणि काकूंनी तुझ्या आवाजावरून ओळखलं असेल. असेलही. मला सांगितल्याचं आठवत नाही, पण त्या दुपारचं मला बरंच काही आठवत नाही. काकूंनी ते मनाने रचलं, असं मात्र ती म्हणत नाही. त्यांना ओळखणारं कोणीच म्हणणार नाही.

पुढे काकू कायमच्या साताऱ्याला परतल्या. जायच्या आधी फोन केला होता, तेव्हा मी विचारलं, "काकू, तुम्हाला त्या दिवशी भीती नाही वाटली?"

"कशाची? वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी उत्तर देतं, कोणी दिलं ते कळत नाही. उत्तर बरोबर असलं तर मी नाव विचारत बसत नाही. त्या दिवशी तू विचारायला लावलंस म्हणून विचारलं."

ते खरं आहे. वहीत 'कोण' दोनदा आहे आणि दोन्ही वेळा तो प्रश्न माझा आहे. तिकडून कोण बोललं, ते मला आजही माहीत नाही, आणि कळेल असं वाटत नाही. पण दार उघड म्हटल्यावर ते न उघडता, मुलगी वर झोपलेली असताना, मी काही मिनिटं नाव विचारण्यात घालवली. त्या दुपारची एवढी एकच गोष्ट मला पूर्ण समजलेली आहे.