बावीस वेळा बोललेलं वाक्य

आमच्या जुन्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती मंडळीत बायकांच्या टोपीची नाडी किती लांब हेसुद्धा ठरलेलं असतं, आणि लव्हायना बाउमनच्या नजरेतून कुणाच्या टोपीची नाडी कधी सुटली नाही. नाडी अर्धा बोट आखूड झाली की प्रार्थनाघराच्या दुसऱ्या टोकाहून तिला ती दिसायची, आणि तीही चष्म्याशिवाय. कुणी बग्गीला जरा चकचकीत दिवा लावला, कुणाच्या सुनेच्या झग्यावरची फुलं गेल्या वर्षीपेक्षा मोठी झाली, कुणी जेवणाआधीची प्रार्थना दोन ओळींत उरकली, सगळं तिला ठाऊक. आणि ठाऊक असलेलं पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आमची ती तांबडी गाय आठवते?" ती बायकांना विचारायची. "कुंपण मोडून गेली नव्हती हो ती. फट होती तिथून एकेक घास खात गेली. मान वर केली तेव्हा हमरस्त्यावर उभी. विश्वासाचंही तसंच होतं. कळतसुद्धा नाही." हे ऐकून ऐकून कॉनेस्टोगो नदीच्या अलीकडच्या बायकांचे कान किटले होते. गायीलासुद्धा इतकी बदनामी होईल असं वाटलं असतं तर ती घरीच राहिली असती.

बाई कामाला वाघ होती, हे मात्र वैऱ्यानंही कबूल केलं असतं. नऊ पोरं वाढवली, नवऱ्याचं शेवटचं दुखणं एकटीनं काढलं, आणि बहात्तराव्या वर्षी थोरल्या मुलाच्या घराला जोडलेल्या दोन खोल्यांत राहून अजून सगळ्या कुटुंबाचं लोणचं तीच घालत होती. दोष शोधायला तिला वेळ कुठून मिळायचा देव जाणे.

तिची वैरीण म्हणजे सलोमी फ्राय. दोघींचा जन्म एकाच वर्षीचा, सलोमी सहा आठवड्यांनी मोठी. बाप्तिस्माही एकाच उन्हाळ्यात झालेला. आमच्याकडे प्रार्थनाघरात वयाच्या क्रमानं बसतात, त्यामुळे जन्मभर सलोमीच्या शेजारी लव्हायना हे ठरलेलंच. लहानपणी दोघी एका रुमालात पेपरमिंट बांधून आणायच्या.

अकरा वर्षांपूर्वी सलोमी बरण्या परत करायला लव्हायनाकडे आली होती. गोठ्यामागच्या पेंडीच्या खोलीत तिला रेडिओ ऐकू आला. तो लव्हायनाच्या धाकट्याचा, एडनचा. वय एकोणीस, बाप्तिस्मा घेऊन मंडळीचा सभासद होऊन वर्षही झालं नव्हतं. सलोमीनं मंडळीची शिस्त पाहणाऱ्या डीकनला सांगितलं. रेडिओ शिस्तीत बसत नाही, मंडळीसमोर उभं राहून माफी माग, असं एडनला सांगण्यात आलं. तो उभा राहिला नाही. तो दूर अल्बर्टाला गेला, तिथे ट्रक चालवतो, आणि नाताळला एक कार्ड पाठवतो. कार्डात नाव सोडून काही नसतं.

लव्हायना सलोमीला एक शब्द बोलली नाही, आणि कुणालाही काही कळू दिलं नाही. पण वर्षातून दोनदा प्रभुभोजन यायचं, आणि त्या दिवशी भाकरी आणि द्राक्षारस झाला की पाय धुण्याचा विधी. बाकावरच्या शेजारणी दोघी दोघी उठतात, मोजे काढतात, टबापाशी वाकून एकमेकींचे पाय धुतात, पुसतात, मग उभं राहून एकमेकींचं चुंबन घेतात. एक म्हणते, प्रभू आपल्याबरोबर असो. दुसरी म्हणते, आमेन, शांतीनं. आता सलोमीचे पाय धुवायचे? आणि वर तिचा मुका घ्यायचा?

लव्हायनानं पाण्याचं काम मागून घेतलं. मागच्या खोलीत चुलीवर पाणी तापवायचं, बादल्या भरून टबांत ओतायचं. पाणी वाहणाऱ्या दोघी सगळ्यांत शेवटी आपापसात पाय धुतात, म्हणजे सलोमीचा प्रश्नच मिटला. मंडळीला वाटलं, काय ही सेवा! एवढ्या वयात बादल्या उचलते! अकरा वर्षं लोक तिचं कौतुक करत होते आणि अकरा वर्षं ती मान खाली घालून ते ऐकून घेत होती.

यंदा एप्रिलमध्ये, रस्त्यावरचा बर्फ वितळून चिखल झाला होता त्या आठवड्यात, डीकनची बायको अल्मेडा तिच्याकडे आली. हातात ॲपल पाय होता, अजून गरम.

"लव्हायना, तुझ्यासाठी चांगली बातमी आणलीय," अल्मेडा म्हणाली. "पाण्याचं काम आता तरण्या पोरींकडे देतोय. तुझे गुडघे बघवत नाहीत गं."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"अगं, अकरा वर्षं केलंस. आता निवांत आपल्या जागी बस. सलोमीशेजारी."

लव्हायनानं तो ॲपल पाय खाल्ला नाही. कोंबड्यांना घातला. दुसऱ्या दिवशी तिनं टोपीवर बाहेर जायचं काळं बॉनेट चढवलं, बग्गी जोडली आणि थेट डीकन ओसाया ब्रुबाकरकडे गेली.

"ओसाया, तुझ्या नाकाखाली काय चाललंय ठाऊक आहे का तुला?" ती दारातूनच म्हणाली. "सलोमीच्या नातीकडे मोबाइल आहे. धुण्याच्या खोलीत लपून बघत असते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"कधी पाहिलंत?"

"झाला महिना."

"मग महिनाभर गप्प का बसलात?"

"तुला मी लंगोटात पाहिलंय, मला उलटतपासणी करू नकोस. एक रेडिओ, एक मोबाइल, असंच एकेक करत मंडळी वाहून जाते. ज्या घरात असला प्रकार आहे त्या घरानं प्रभुभोजनाला बसू नये. नियम आहे की नाही?"

"नियम आहे," ओसाया म्हणाला. "बघतो."

परत येताना ती मोठ्यानं भजन म्हणत होती. आपण मंडळीची राखण करतोय असं तिला मनापासून वाटत होतं, आणि मला राग येतो तो त्याचाच. सरळ वैर केलं असतं तर परवडलं असतं. हिनं वैराला देवाचा डगला घातला, आणि मग स्वतःच त्या डगल्याला नमस्कार करू लागली.

प्रभुभोजनाच्या दोन आठवडे आधी आमच्याकडे विचारणा होते. बिशप आणि डीकन बाजूच्या छोट्या खोलीत बसतात, आणि एकेक सभासद आत जाऊन सांगतो: माझी देवाशी शांती आहे, मंडळीशी शांती आहे, आणि मला प्रभुभोजनाला बसायची इच्छा आहे. एवढंच वाक्य. ज्याला ते म्हणता येत नाही त्यानं म्हणू नये आणि भाकरीला हात लावू नये. लव्हायनानं अकरा वर्षांत ते बावीस वेळा म्हटलं होतं.

त्या रविवारी तिच्या आधी सलोमी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. लव्हायनाला गुदगुल्या झाल्या. लागलं वाटतं औषध, असं मनाशी म्हणत ती आत शिरली.

"बसा," ओसाया म्हणाला. "आधी तुम्ही सांगितलेल्या गोष्टीचं सांगतो. पोरीनं गुरुवारीच मोबाइल आणून दिला. रडली, माफी मागितली. ते प्रकरण मिटलं."

"मिटलं? एवढ्यात?"

"मिटलं. पण सलोमी या वेळी बसणार नाही."

"नातीपायी?"

"नाही. तुमच्यापायी," बिशप म्हणाला. तो म्हातारा कमी बोलायचा. "तिनं सांगितलं, माझी लव्हायनाशी शांती नाही. अकरा वर्षं नाही. इथे येऊन बावीस वेळा खोटं बोलले म्हणाली. तुम्हाला सांगायची परवानगी तिनंच दिलीय."

लव्हायनाच्या अंगाचा तिळपापड झाला. इथेही पुढे! सहा आठवडे आधी जन्मली ती जन्मली, आता पश्चात्तापातही हिनं नंबर लावला! मोजलेसुद्धा होते सटवीनं, बरोबर बावीस!

"आणि तुमचं काय?" बिशपनं विचारलं. हे तो सगळ्यांनाच विचारत होता.

तिला हवं होतं ते आपण होऊन चालत आलं होतं. सलोमी बसणार नाही, म्हणजे पाय धुवायचे नाहीत, मुका नाही. फक्त वाक्य म्हणायचं. तिनं तोंड उघडलं. "माझी देवाशी..." आणि त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण मनात विचार करतोय, घरी कोबीखालचा जाळ कमी केला होता का नाही.

ती थांबली.

एडन गेल्यावर पहिल्या वेळी हे वाक्य म्हणताना तिनं दोन्ही हात एप्रनखाली घट्ट धरून ठेवले होते. त्या रात्री ती झोपली नव्हती. दुसऱ्या वेळी शेवटचे शब्द तिनं पुटपुटून उरकले होते. तिसऱ्या वेळचं काहीतरी आठवत होतं. चौथ्यापासून पुढचं काहीच आठवेना. किती वेळा कोबी, किती वेळा कोंबड्या, किती वेळा कुणाची टोपी मनात घेऊन ती देवासमोर हे बोलली होती, कुणास ठाऊक. दुसऱ्यांच्या नाड्या मोजणाऱ्या बाईला आपलं कधी काय सुटलं ते कळलंच नव्हतं. ती घाबरली. नवरा गेला तेव्हाही इतकी घाबरली नव्हती.

"लव्हायना?" ओसाया म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "माझी शांती नाही. मीही नाही बसणार."

"कधीपासून?"

"तिच्याइतकीच वर्षं. आणि तिच्या नातीची चहाडी मी मंडळीसाठी केली नाही. पाय धुवायचे टळावेत म्हणून केली. झालं समाधान? जाऊ मी?"

बाहेर सलोमी घोड्यांच्या छपराखाली उभी होती. लव्हायना तरातरा चिखल तुडवत गेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलली.

"बावीस मोजलेस ना? लाज नाही वाटली?"

"तू मोजले नव्हतेस?" सलोमी म्हणाली.

"माझा पोरगा घालवलास तू."

"सांगितलं मी. नियम होता. तू माझ्या नातीचं सांगितलंस, तोही नियमच होता."

"माझ्या पोराशी तुझ्या नातीची बरोबरी करू नकोस. ती घरी आहे तुझ्या. जेवतेय."

सलोमीनं शेजारी बांधलेल्या घोड्याचा पट्टा उगाच ओढला. "तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मी लगेच नाही आले सांगायला. बरण्या हातात घेऊन पेंडीच्या खोलीबाहेर उभी राहिले. गाणं चाललं होतं कुठलंसं. संपेपर्यंत ऐकलं. मग दुसरं लागलं, तेही ऐकलं."

"काय?"

"आवडलं गं मला. आणि आवडलं म्हणून मी इतकी भ्याले, की धावत जाऊन पोराचं नाव सांगितलं."

लव्हायनाचा हात उठला होता. खरंच उठला होता, दोन पोरी छपराच्या टोकाला उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं. तो तिनं खाली घेतला.

"तुला माफ करणं मला जमणार नाही," ती म्हणाली.

"मी मागितलीय कुठे? जावई बग्गी आणतोय, त्याची वाट बघतेय."

प्रभुभोजनाच्या दिवशी दोघी आपापल्या जागी, एकमेकींना खेटून बसल्या. बातमी एव्हाना पसरली होती, अख्ख्या मंडळीनं पाहिलं. इतकी वर्षं लव्हायनानं ज्यांच्या ज्यांच्या नाड्यांना नावं ठेवली होती, त्यांनी तर वळून वळून पाहिलं, आणि मी म्हणते पाहू दे. तेवढा हक्क होता त्यांचा.

"जरा सरक," लव्हायना कुजबुजली. "माझ्या झग्यावर बसलीयस."

"शरदातल्या भोजनाला तरी बसायचं का दोघींनी?" सलोमीनं तितक्याच हळू विचारलं.

"बघू. आत्ता तोंड बंद."

बिशप भाकरी घेऊन बाकामागून बाक येत होता. प्रत्येकीसमोर थांबायचा, एक तुकडा मोडायचा, हातावर ठेवायचा. त्यांच्यापाशी आला तेव्हा तो थांबला नाही. लव्हायनाचा हात आपोआप मांडीवरून वर आला होता, तो तसाच रिकामा राहिला. गेल्या अकरा वर्षांत ती भाकरी कशी लागली होती हे तिला आठवत नव्हतं. भाकरी पुढच्या बाईच्या हातावर गेली, आणि लव्हायनाला अशी भूक लागली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.