पडताळेंच्या डोक्यातली जाळी

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण गल्लीत त्यांना सगळे पडताळेच म्हणत. उभी हयात त्यांनी वीजचोरी पकडण्यात घालवली होती. नोकरीतून निवृत्त झाले तरी संशय काही निवृत्त झाला नव्हता. दुधाची पिशवी फोडली की आधी वास घेणार, मग चिमटीत थेंब घेऊन बघणार. जावयाने फोनवर तब्येत विचारली, तर फोन ठेवल्यावर म्हणणार, "याला काहीतरी हवंय." बायको म्हणायची, "ह्यांना देव भेटला ना, तर आधी ओळखपत्र मागतील."

अशा माणसाच्या मेंदूत फुगा निघाला. जिन्यावरून घसरून डोकं आपटलं म्हणून स्कॅन काढला. आपटल्याचं काही निघालं नाही, पण आत एका रक्तवाहिनीची भिंत एका जागी फुगलेली दिसली. फुटली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. पडताळेंनी ते लगेच बाईंच्या खात्यावर उणे मांडलं.

बाईंनी चित्र काढून समजावलं होतं. वाहिनी काडेपेटीतल्या काडीएवढी बारीक, त्यामुळे त्यात बसवायची तारांची जाळीदार नळीही तशीच नाजूक, घट्ट विणीची. ती फुग्याच्या तोंडावरून आडवी जाते. रक्त सरळ पुढे निघून जातं, फुग्यात शिरणारी धार मंदावते, आतलं रक्त साकळतं आणि काही महिन्यांत फुगा आपोआप बंद होतो. पडताळेंना त्यातला 'आपोआप' अजिबात आवडला नाही. आपोआप फिरणारे मीटर त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

जाळी बसली. घरी आल्यावर त्यांनी आरशासमोर उभं राहून टाळू, कानशिलं, मान सगळं चाचपलं. एक टाका नाही, केसही इकडचा तिकडे नाही. जाळी जांघेतल्या वाहिनीतून वर सारली होती, तिथे सुईचा एक ठिपका तेवढा. शिवाय जाळी बसवल्यावर काढलेल्या स्कॅनमध्ये फुगा होता तस्साच. "तो हळूहळू जातो, सांगितलंय ना त्यांनी," बायको म्हणाली. पडताळे म्हणाले, पैसे घेऊन काहीच केलं नाही तरी नेमकं हेच सांगता येतं. बायको भाजी चिरायला गेली.

रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या होत्या. जाळी अंगात मुरेपर्यंत एकही चुकवायची नाही, बारीक वाहिनीत गुठळी अडकायला वेळ लागत नाही, अशी सक्त ताकीद होती. थोड्याच दिवसांत दंडावर निळे डाग उठले, दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. फोनवर बाई म्हणाल्या, एवढं चालतं, पण गोळ्या सोडू नका. ज्याअर्थी एवढं बजावतात त्याअर्थी पाणी मुरतंय, असं पडताळेंनी ठरवलं.

नोकरीत त्यांची एक हुकमी पद्धत होती. घरातलं सगळं बंद करायचं आणि मीटर फिरतो का ते बघायचं. तीच त्यांनी स्वतःवर लावली. गोळ्या बंद करायच्या; काही झालं नाही तर जाळीबिळी सगळी थाप. आणि झालंच तर? हा भाग त्यांनी विचारात घेतला नाही. बायको पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राही. ते गोळ्या जिभेखाली दाबत, घोट घेत आणि बेसिनवर जाऊन थुंकून येत.

असे थोडे दिवस गेले. पडताळे मनातल्या मनात खटला जिंकत आले होते. एका सकाळी त्यांनी पिशवी फोडली आणि दूध सरळ पातेल्यात ओतलं, वासबीस न घेता. बायको हातातलं काम टाकून जवळ आली.

"अहो, बरं वाटतंय ना?"

मला काय धाड भरलीय, असं त्यांना म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "मला पिशवी." त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा पिशवीच. उजव्या हातातलं पातेलं कलंडलं.

शेजाऱ्याने गाडी काढली. दवाखान्यात औषध टोचलं, पुन्हा स्कॅन झाला. जाळी जागच्या जागी होती, तिच्यावर गुठळी धरायला लागली होती. वेळेत आणल्यामुळे थोडक्यात निभावलं. दुपारपर्यंत हात हलू लागला, शब्दही एकेक करून परतले.

डॉक्टरीणबाई खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. गोळ्या नियमित चालू होत्या का, हा त्यांचा प्रश्न होता.

"माझ्या हाताने देते," बायको छातीठोकपणे म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत घेतात."

मग यातली एक गोळी यांना लागू पडत नाही, बाई म्हणाल्या. काही जणांचं तसं असतं. आता जास्त कडक गोळी द्यावी लागेल. तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो, मेंदूतही होऊ शकतो, पण इलाज नाही. त्यांनी कागद पुढे ओढला.

पडताळे छताकडे बघत पडून होते. खरं सांगावं, तर छातीठोक बोलणारी बायको परक्यासमोर तोंडघशी पडणार. न सांगावं, तर नको ती गोळी पोटात जाणार. पेन कागदावर टेकलं.

"गोळी चांगली आहे," ते म्हणाले. जीभ अजून जड होती. "मी घेत नव्हतो. थुंकत होतो."

बाईंचं पेन थांबलं. बायको हळूच म्हणाली, "आणि मी रोज ग्लास धरून उभी."

पडताळेंनी मान भिंतीकडे वळवली. बाईंनी जुन्याच गोळ्या परत लिहिल्या आणि निघाल्या. त्या दाराशी पोचल्या तेव्हा पडताळेंना राहवलं नाही.

"डॉक्टर, मी बोललोच नसतो तर?"

"तर ती कडक गोळी दिली असती, काका."

"म्हणजे तुम्ही तपासलं नसतं?"

"काकूंनी सांगितलं होतं ना. मी विश्वास ठेवला असता."

बाई गेल्या. पडताळेंना दरदरून घाम फुटला. ऐकलेल्या गोष्टीवर इतक्या सहज विश्वास ठेवणाऱ्या बाईच्या हातात आपण आपलं डोकं दिलं होतं.