उजव्या डोळ्याची बाहुली

ती केस आजही माझ्या मनातून जात नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट; मी तेव्हा आदिलाबादला फौजदार होतो. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतला एक कामगार सुट्टीवर नेरडीगोंड्याजवळच्या गावी आला होता. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध झाला, तेव्हा त्याला आदिलाबादच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात आणले. सोबत बायको आणि थोरला भाऊ. "सायकलवरून पडला," दोघांचा जबाब एकच. पण त्याच सकाळी आठवडी बाजारात दोघे भाऊ बैलजोडीवरून हातघाईवर आल्याची खबर आम्हाला मिळाली होती.

डॉक्टरांनी बॅटरी मारून मला दाखवले. डावी बाहुली उजेडाने आकसली. उजवी मोठीच राहिली, हलली नाही.

"मेंदूत रक्त साकळत असावं. मार जबर आहे. नागपूरला हलवायला हवं, पण वाटेत काय होईल सांगता येत नाही."

सायकलवरून पडून एवढा मार? मी भावाला ठाण्यात बसवले.

"मी मारलं असतं तं दवाखान्यात कायले आनलं असतं, सायेब?"

"पुण्य कमवायला," आमचा हवालदार म्हणाला. "काठी कुठं टाकली ते सांग, धर्मात्म्या."

मग दवाखान्यात परतून डॉक्टरांसमोर जखमीच्या बायकोचा जबाब घेतला. मध्येच तिने विचारले, "डोळ्याचंबी कागदावर लिवता का, सायेब?"

"काऊन?"

"नाई, उगाच इचारलं."

माझा संशय पक्का झाला. ही दिराला वाचवते आहे. मी आवाज चढवला, "नवरा दगावला तर दिरावर खुनाचा गुन्हा लागेल. लपवलंत म्हणून तुम्हीही आत जाल."

ती भिंतीला टेकून खाली बसली.

"तो डोळा आदीपासून तसाच हाय. जळतन फोडताना ढलपी लागली. तवापासून बाहुली मोठी, त्यातून दिसतबी नाई. खाणीत कळलं तं काम जाईन, म्हनून आमी कोनाले सांगतलं नाई."

"बाई, हे आधी मला सांगायचं! म्हणजे ती बाहुली या माराची खूण नाही," डॉक्टर म्हणाले. नागपूरचा प्रवास थांबला. पाळीपाळीने त्याच्यावर लक्ष ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला. उजव्या अंगाने आलेली बैलगाडी आपल्याला दिसलीच नाही आणि सायकल तिला धडकली, असे त्याने स्वतः सांगितले.

भावाला सोडायला एवढा जबाब पुरेसा होता. बाईने हात जोडले, "डोळ्याचं तेवढं नका लिवू."

तपास अर्धवट दिसू नये म्हणून मी तेही लिहिले. पुढे रजेच्या कामासाठी ते कागद खाणीत गेले आणि त्याचे काम सुटले.

लपवणारा माणूस गुन्हेगार असतो, असे मी तोवर धरून चालत होतो. त्यानंतर कोणी गप्प बसले की मी आधी विचारायचो, "खरं सांगितलं तर तुमचं काय जाईल?" आणि उत्तर ऐकल्यावर पेन उचलायला मला वेळ लागायचा.