घाट उतरताना

आंबा घाट उतरताना मी दरीकडे बघत नाही, नवऱ्याच्या उजव्या पायाकडे बघते. तरुणपणी तो रॅलीत गाड्या पळवायचा, ती सवय अजून सुटलेली नाही. वळण आलं की चवडा ब्रेकवर दाबलेला असतो आणि त्याच पायाची टाच हळूच ॲक्सिलरेटरला टेकते. इंजिनाचा आवाज क्षणभर चढतो, मगच खालचा गिअर पडतो. "आधी वेग जुळवून घ्यायचा," तो मला दर वेळी समजावतो, "नाहीतर गिअरबॉक्सला झटका बसतो."

किती ही माया. लोखंडाच्या दातांना लागू नये म्हणून माणूस स्वतःच्या टाचेला वर्षानुवर्षं शिकवतो. नोकरी सोडल्याचं मात्र त्यानं मला जेवताना सांगितलं होतं, मीठ मागावं तसं. बहुतेक घरांत असंच चालत असावं. यंत्र लगेच खडखडतं, म्हणून त्याला जपतात. माणसं निमूट ताट उचलून आत जातात.

काल त्याच घाटात, तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकता टाकता तो मला म्हणाला, "सोमवारी तुझ्या आईला वृद्धाश्रमात सोडून येऊ. मी बोलून ठेवलंय तिथे."

आई मागच्याच सीटवर बसली होती.

टाच टेकली, आवाज चढला, गाडी अलगद वळली. आणखी दोन वळणं गेल्यावर मागून आईचा आवाज आला.

"जावईबापू गाडी छान चालवतात गं. पोटातलं पाणी हलत नाही."