थांबायची खूण

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतो. धंदा पडद्यांचा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मापायच्या, पडदे शिवून आणायचे आणि बोटभर आखूड निघाले की खिडकीच वाकडी आहे म्हणून सांगायचं, यात त्याची उभी हयात गेली. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, कारण आमच्या घरचा जावई आहे. इथे कशाला करू?

पन्नाशी उलटली आणि या गृहस्थाच्या अंगात समुद्र संचारला. समुद्र म्हणजे आमच्या गावाबाहेरचा तलाव. पोहता येत नाही, अंघोळीची बादली भरली तरी दोन हात लांब उभा राहणारा माणूस. त्याने आधी टोपी घेतली, मग पांढरे बूट घेतले आणि सगळ्यात शेवटी होडी. एका दातांच्या डॉक्टरची जुनी मोटरबोट, ट्रेलरसकट. ती गळ्यात मारल्यावर डॉक्टरने आठवडाभर हसतमुखाने लोकांचे दात उपटले असतील.

होडी पाण्यात सोडायला तलावाकाठी काँक्रीटचा उतार आहे. शहाणी माणसं वरच्या मोकळ्या जागेत गाडी लावतात, सामान होडीत चढवतात, साचलेलं पाणी काढायला तळाशी ठेवलेल्या भोकाला बूच लावतात, मागचे पट्टे सोडतात आणि मग गाडी उलटी घेत सावकाश खाली येतात. होडीचं नाक ट्रेलरला धरून ठेवणारा पट्टा आणि साखळी मात्र होडी तरंगायला लागेपर्यंत कोणी काढत नाही. मग गाडी बाजूला घेऊन मागच्याला जागा द्यायची, संपलं. यात अक्कल पाजळण्यासारखं काहीही नाही. पण कॅप्टन गाडी थेट उतारावर नेऊन उभी करणार, तिथेच डबे, छत्र्या आणि गळ काढत बसणार आणि मागे खोळंबलेल्यांकडे असा बघणार, जणू तेच याच्या अंगणात घुसलेत. पहिल्याच दिवशी बूच लावायला विसरला. होडी पाण्यात आणि पाणी होडीत. घरी येऊन सांगितलं की डॉक्टरने फसवलं, भोक पडलेली होडी दिली.

परत काढताना तर विचारूच नका. बाकीचे ट्रेलर बेताने पाण्यात घालतात, होडी हळूच मधोमध आणतात, नाकाला पट्टा अडकवतात आणि मग ओढून घेतात. हा इंजिन गुरगुरवत ट्रेलरवर चालून जाणार, होडी बाजूच्या फळीवर आदळणार आणि मग काठावर दोरी धरून उभ्या असलेल्या माझ्या बहिणीवर खेकसणार, “ढिली का सोडलीस?”

उतारावर त्याचा एक कायदा होता. आवाज एकाचाच, कॅप्टनचा. बहिणीने तोंड उघडायचं नाही, हाताने खुणा करायच्या. खुणाही यानेच शिकवलेल्या. डावा हात म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, दोन्ही हात आपल्याकडे ओढले की मागे ये. थांबायची खूण नव्हतीच. मी विचारलं तर नाकपुड्या फुगवून म्हणतो, “ताई, कधी थांबायचं ते गाडी चालवणारा ठरवतो.”

आणि तिला उभी कुठे करायचा? ट्रेलरच्या बरोब्बर मागे, पाण्याच्या कडेला, होडीच्या नाकाला बांधलेल्या लांब दोरीचं टोक हातात देऊन. म्हणे दोन्ही आरशांत दिसली पाहिजे. मधोमध उभं राहिलेलं माणूस होडीआड जातं आणि एकाही आरशात दिसत नाही, हे त्या टोपीखाली कधी शिरलं नाही. बिचारी एकदा इकडून मान काढायची, एकदा तिकडून.

“तू राहतेस कशाला तिथे उभी?” मी तिला एकदा झापलंच.

“नाही राहिले तर आठवडाभर तोंड फुगवून बसतात, ताई. दुकानातून आले की भांडी आपटतात. त्यापेक्षा हे बरं.”

मला तिचा राग आला आणि त्याची किळस आली. एक दिवस हा माणूस माझ्या बहिणीला त्या होडीखाली घालणार, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर जायला लागले. एरवी मला तलावाची काडीची आवड नाही.

मग एका खेपेला खाली पट्टा सोडायला वाकला आणि शेवाळावरून पाय सटकून कॅप्टन बदकन पाण्यात बसला. पांढरे बूट हिरवे झाले. रांगेतला एक टेम्पोवाला हसला, मीही हसले, लपवलं नाही. ते त्याला इतकं झोंबलं की पुढच्या खेपेला साहेबांनी नवी युक्ती काढली. नाकाचा पट्टा आणि साखळी दोन्ही वरच सोडून टाकली, म्हणजे खाली उतरून वाकायला नको आणि बूट कोरडे. कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

गाडी उलटी येऊ लागली. बहीण तिच्या ठरलेल्या जागी, मी उताराच्या कडेला. ट्रेलर माझ्याजवळ आला तेव्हा साखळी मोकळी लोंबताना दिसली. होडी नुसती ठेवलेली होती, कशालाच बांधलेली नव्हती, आणि खाली माझी बहीण उभी होती.

“अहो, थांबा. साखळी सुटलीय.” मी घसा फाडून ओरडले.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि खिडकीची काच वर केली.

बहिणीने मात्र ऐकलं. ती जागा सोडून कडेला आली, आरशात दिसेल अशी, आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवू लागली. ही खूण कॅप्टनच्या अभ्यासक्रमात नव्हती. त्याचं डोकं फिरलं. ही काय नाचतेय, असं खेकसायला म्हणून त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली, ट्रेलर थांबला, होडी थांबली नाही. मागे घसरून ती काँक्रीटवर आपटली आणि मघाशी बहीण जिथे उभी होती ती जागा खरवडत पाण्यापर्यंत गेली. दोरी तिच्या मुठीतून सर्रकन निघाली आणि ती गुडघ्यांवर पडली.

मी धावले. शुद्धीवर होती, हातपाय शाबूत होते, फक्त उजव्या तळहाताची सालं निघून लाल वळ उठला होता. कॅप्टन उतरला आणि आधी होडीकडे गेला. चिखल लागू नये म्हणून चवड्यांवर चालत. तळाला गेलेला तडा त्याने बोटाने चाचपला, लेकराचं कपाळ चाचपावं तसा. मग आमच्याकडे वळला.

“मला थांबवता येत नव्हतं तुला? डोळे कुठे होते? एवढी मोठी होडी डोळ्यांदेखत...”

बहीण उठली. तिने तो सोललेला तळहात त्याच्या नाकासमोर धरला, ताठ.

“थांबायची खूण तुम्ही शिकवली नव्हती,” ती म्हणाली. “अशी असते.”

तो थांबला. तोंड उघडं, बोट हवेत, वाक्य अर्धं. इतक्या वर्षांत या माणसाने वाक्य अर्ध्यावर सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने दोरीचं टोक उचललं आणि त्याच्या पांढऱ्या बुटांवर टाकलं. आम्ही दोघी बसने घरी आलो.

कॅप्टन आता सांगत फिरतो की उतारच चुकीचा बांधलाय. होडी दुकानामागे जुन्या पडद्यांखाली झाकून ठेवलीय. परवा जेवायला चार माणसं बोलावली होती, तर यांची गाडी लागली रुळावर. “बायकांना खुणा कळत नाहीत हो,” म्हणाला, “त्या दिवशी तलावावर काय झालं...”

बहीण वाढत होती. तिने वाढायचा चमचा डाव्या हातात घेतला आणि उजवा तळहात वर केला. वळ अजून आहे. कॅप्टनने मान खाली घातली आणि मुकाट्याने जेवला.