शांत खोलीची चावी

वॉर्डातली मुलं त्यांना प्रार्थनाबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, आणि ते बरोबरही नव्हतं. बाई प्रार्थना क्वचितच करत, तीही कुणी मागितली तर. कागदोपत्री त्या कर्करोग विभागाच्या ‘आत्मिक आधार सेविका’ होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. धाकटा भाऊ एकविसाव्या वर्षी याच आजाराने गेला. त्याला भेटायला येणारा प्रत्येक जण उत्तर घेऊनच यायचा. त्याचा प्रश्न काय आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाईंनी काम बदललं ते त्यानंतर.

सोमवारी सकाळी चार नंबरच्या खाटेवरच्या मुलीने त्यांना बोलावून घेतलं. अठरा वर्षांची पोर, पण एका गोळीमागे तीन प्रश्न विचारायची. नर्स तिला वकीलसाहेब म्हणत. गुरुवारी तिचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढायचा होता. त्याआधी तिला बाबांशी बोलायचं होतं, दोघांनीच.

“रोज बोलतेस की,” बाई म्हणाल्या.

“मी बोलते. ते ‘सगळं ठीक होईल’ म्हणतात. मग अख्खा वॉर्ड तेच म्हणतो.”

यात खोटं काही नव्हतं. खाटा आठ, मध्ये विटके हिरवे पडदे. भिंतींना कान असतात म्हणतात. इथल्या पडद्यांना तोंडंही होती. एका खाटेवर प्रश्न निघाला की उरलेल्या सात खाटांजवळच्या आया, मावश्या, आत्या मिळून उत्तर देत. आदल्याच दिवशी मुलीने बाबांना विचारलं होतं, पाय गेल्यावर तुम्हाला माझ्याकडे बघवेल का? त्यावर तीन नंबरची मावशी पडद्याआडून म्हणाली, असं अभद्र बोलू नये गं. बाबांना सुटल्यासारखं झालं. पाणी आणतो म्हणून त्यांनी जग उचलला. तो काठोकाठ भरलेला होता.

खरं तर अशा बोलण्यासाठीच रुग्णालयात एक शांत खोली होती. होती म्हणजे, दारावर पाटी अजून होती. चार महिन्यांपूर्वी ती खोली भांडार विभागाकडे गेली, आणि आता तिच्यात फाटक्या गाद्या आणि वाकड्या सलाइन स्टँडांचा मुक्काम होता. बाईंचे तीन अर्ज झाले होते. सोमवारी दुपारी त्या चौथा घेऊन अधीक्षकांकडे गेल्या.

अधीक्षकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फाइल काढली आणि तिमाही अहवाल बाईंपुढे सरकवला. ‘शांत खोलीत झालेले कार्यक्रम’ असा रकाना होता, आणि त्यात खोली जाण्याआधीच्या ओळीने दोन तिमाही शून्य. अक्षर बाईंचंच होतं.

मुलं त्या खोलीत जाऊन रडायची. कुणी भिंतीकडे तोंड करून पडायचं. एकाने तिथे तासभर देवाशी भांडण केलं होतं, आणि बाई दारात राखण करत उभ्या होत्या. याला कार्यक्रम कसा म्हणायचा? न झालेल्या कार्यक्रमाचा आकडा लिहिणं गणिताच्या बाईंना जमलं नव्हतं. म्हणजे खोलीला कुलूप लावलं ते त्यांच्याच खरेपणाने. राग कुणावर काढावा हेही त्यांना कळेना.

पुढच्या अहवालात कार्यक्रम दाखवा, मग बघू, असं अधीक्षक म्हणाले. वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत.

मंगळवार जागा शोधण्यातच गेला. बाहेरच्या बाकावर न्यायला डॉक्टरांची मनाई होती. मुलीच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या होत्या. एक्स-रेच्या बोळात रांग. डॉक्टरांची खोली अर्ध्या तासासाठी मिळाली, पण पाचव्या मिनिटाला दोन शिकाऊ डॉक्टर डबे घेऊन आत आले.

बुधवारी बाईंनी चावीवाल्या काकांना गाठलं. काका भांडार सांभाळत आणि नियम तोंडपाठ ठेवत. मागणीपत्राशिवाय आत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. बाईंनी मागणीपत्र भरलं : खुर्ची, नग एक.

काकांनी कागद वाचला. मग चाकाच्या खुर्चीतली मुलगी पाहिली, मागे तिचे बाबा पाहिले. दोघांच्याही तोंडाला मास्क होते.

“एका खुर्चीला तीन माणसं?”

“जड असते हो, काका.”

“हं. आणि लवकर सापडतही नाही.” त्यांनी शांत खोलीचं कुलूप काढलं. “वीस मिनिटं. तेवढ्यात माझा चहा होतो.”

दारातच बाबा अडले. काय बोलू, असं त्यांनी हळूच विचारलं.

“बोलायचं तिला आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही फक्त ‘ठीक होईल’ म्हणू नका.”

दार ओढून त्या बाहेर उभ्या राहिल्या. आतून गाद्या सरकवल्याचं ऐकू आलं. मग मुलीचा आवाज, सलग. मग एक पुरुष मोठ्याने रडला, आणि त्याला गप्प करायला कुणी नव्हतं.

बाहेर आली तेव्हा मुलीचे डोळे सुजले होते. “बघवणार नाही म्हणाले,” ती म्हणाली. तिने मास्कच्या कडेने डोळे पुसले. “पण बघेन म्हणाले. रोज.”

मागून बाबा खुर्ची घेऊन आले. कागदावर खुर्ची आहे म्हणजे खुर्ची बाहेर निघालीच पाहिजे, असं काकांचं म्हणणं पडलं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. बाबा त्याच खुर्चीवर खाटेशी बसून होते. बाईंनी नवा अहवाल अधीक्षकांकडे पाठवला : कार्यक्रम एक, उपस्थिती दोन. शुक्रवारी तो परत आला, कोपऱ्यात लाल शेरा : ‘छायाचित्र जोडलेले नाही, सबब ग्राह्य नाही.’ बाईंनी कागद चुरगळला. मग तो हाताने सपाट केला, कारण दुसरी प्रत नव्हती.

शनिवारी त्या पुन्हा भांडारापाशी उभ्या होत्या. मागे सात नंबरच्या खाटेवरचा मुलगा आणि त्याची आई. दोघं आठवडाभर एकमेकांशी फक्त औषधांबद्दल बोलत होते. काका रजेवर होते. बदलीवरच्या माणसाने मागणीपत्र नीट वाचलं आणि अदबीने म्हणाला, “खुर्चीच ना? तुम्ही कशाला आत येता, बाई. मी आणून देतो की.”

त्याने खुर्ची आणली, फडक्याने पुसून बाईंच्या हातात दिली आणि दाराला कुलूप लावलं.